आम्ही चर्चवाले नाही

बेरिल स्केल्टन आमच्या नाणी टाकून आपले कपडे आपणच धुवायच्या लाँड्रीत यायची ती चादरी धुवायला. तीस वर्षं मासळीच्या कारखान्यात काटे काढून तिची बोटं वाकडी झाली होती, पण उशीच्या अभ्र्याची घडी अशी घालायची की मी तिथली पगारी बाई असून मला लाज वाटावी. तोंड मात्र फाटकं. आमच्या थॉर्नबी वसाहतीत तिच्या तडाख्यातून सुटलेला माणूस मला तरी माहीत नाही.

चर्च हा शब्द निघाला की ती उठून जायची. एकोणसत्तर साली तिला मुलगी झाली, ती मेलेलीच. नर्सने गुंडाळून नेली, कुठे पुरली ते कधी कळलं नाही. बेरिलने तिचं नाव वेंडी ठेवलं होतं. अंगावरचं दूध आटलं नव्हतं तेव्हा ती पाद्र्याकडे गेली, प्रार्थनेत निदान एकदा नाव घ्या म्हणाली. मेलेल्या मुलाचा बाप्तिस्मा होत नाही, मग नाव कसलं घ्यायचं, असं त्याने दारातच ऐकवलं. नवऱ्याला या विषयाची बातच नको असे. तेव्हापासून सख्ख्या बहिणीच्या लग्नालासुद्धा बेरिल चर्चच्या फाटकाबाहेर उभी राहिली.

मग पिप आली. जाडाभरडा स्वेटर, गळ्यात पाद्र्यांची पांढरी पट्टी नाही. ती पाद्रीण आहे हे सगळ्यांना माहीत होतं. बेरिल तिला 'बिनपट्टीची' म्हणायची. ज्यांना चर्चची पायरी चढवत नाही त्यांच्यात जाऊन बस, असं सांगून बिशपने तिला पाठवलं होतं. परवानगी पाच वर्षांची. लाँड्रीच्या मालकाने गुरुवारची दुपार दिली. कपडे मशीनमध्ये फिरत असताना पिप सूप गरम करायची, पाव मोडून सगळ्यांना द्यायची, आणि बंद पडलेल्या चार नंबरच्या मशीनवर मेणबत्ती लावायची. ज्याला हवं त्याने आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी म्हणायचं, 'आम्ही विसरलो नाही.' चर्च हा शब्द तिने चुकूनही काढला नाही. आम्ही सगळे 'गुरुवार' म्हणायचो.

बेरिल वर्षभर नुसतं सूप प्यायली, वर त्यात मीठ नाही म्हणून दर वेळी टोमणा. मग नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, अभ्र्याची घडी घालता घालता ती म्हणाली, "वेंडी." चौदा माणसं म्हणाली, आम्ही विसरलो नाही. पंचेचाळीसहून जास्त वर्षांनी त्या पोरीचं नाव दुसऱ्या कुणाच्या कानावर पडलं होतं. मला रडू आवरेना. बेरिलने माझ्या अंगावर टॉवेल फेकला.

पाचवं वर्ष सरत आलं तेव्हा बिशपच्या कचेरीतून एकजण बघायला आला. पट्टीवाला, सभ्य, हातात कागद. इथे जमणाऱ्या माणसांचं मिळून चर्च उभं राहतंय का, एवढंच त्याला लिहायचं होतं. पिपने आम्हाला काहीच पढवलं नव्हतं. लोक जे खरं ते सांगतील, म्हणाली. तिचा एवढा प्रामाणिकपणा मला आजही पटत नाही.

बेरिलला वाटलं, हा माणूस आपला गुरुवार गिळायला आलाय. उद्या आपल्याला हाकत मोठ्या चर्चमध्ये नेतील. ती त्याच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे बघा साहेब, इथे चर्च-बिर्च काही नाही. आम्ही चर्चवाले नाही. तसं काही लिहिलंत तर मी पहिली उठून जाईन."

त्याने सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही शहाणपणा केला, म्हटलं, "आम्ही आपले कपडे धुतो." पिप सुपात डाव फिरवत राहिली. त्याने ते सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं.

दीड महिन्याने पत्र आलं. काम चांगलं आहे, पण ते चर्च नाही. परवानगी वाढवता येत नाही, पिपने दुसऱ्या गावी जावं. पिपने ते आम्हाला वाचून दाखवलं.

"मग हे होतं तरी काय?" बेरिलने विचारलं.

"चर्च," पिप म्हणाली.

"मग आधी बोलली का नाहीस गं?"

"बोलले असते तर तू आली असतीस?"

"नसते आले," बेरिल म्हणाली, आणि खाली बसली. "माझ्याच तोंडाने घालवलं मी."

पिप गेली. मालकाने चार नंबर भंगारात काढला, तिथे साबणाच्या पुड्या विकणारं यंत्र बसवलं. गुरुवारची माणसं पांगली. मोठ्या चर्चमध्ये त्यातलं एकही गेलं नाही.

नोव्हेंबरात बेरिल आली. भर दुपारी लाँड्रीत आम्ही दोघीच. चादरी धुऊन झाल्या, पण तिने त्या वाळवायला टाकल्या नाहीत. त्या यंत्राकडे तोंड करून ती हलक्या आवाजात म्हणाली, "वेंडी."

मी काउंटरमागून घाईघाईने म्हटलं, "आम्ही विसरलो नाही."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता, आवाज अगदी साधा होता.

"आम्ही कसलं गं? तू एकटीच तर आहेस."

ओल्या चादरी पिशवीत कोंबून ती घरी गेली.