आठवं बोट

आबांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. गिरणीच्या संपानंतर ते साकीनाक्याच्या एका कारखान्यात लागले आणि तिथे प्रेसच्या मशीनखाली दोन बोटं गेली. उरलेल्या आठ बोटांवर ते रोज दिवेलागणीला देवाचे उपकार मोजत. घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत त्यांची खोली शेवटची, आमच्या भिंतीला लागून. ते दारात उभे राहत. दूर माहुलच्या बाजूला रिफायनरीची ज्योत जळत असे. तिच्याकडे तोंड करून आबांचं गाऱ्हाणं सुरू होई.

गाऱ्हाणं म्हणजे खरं तर देवाकडे मागणं. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' असा होकार द्यायचा. आबा मात्र काहीच मागत नसत. "बा देवा म्हाराजा, आज नळाक पाणी इला, तुझो उपकार." एक बोट. "खोकलो कमी झालो, तुझो उपकार." दुसरं बोट. होकार आल्याशिवाय बोट दुमडायचं नाही, हा नियम. होकार त्यांची बायको, आमच्या काकी, देत, आत स्टोव्हपाशी बसून.

काकी वारल्या तेव्हा मी अकरावीत होतो. वाटलं, आता गाऱ्हाणं थांबेल. पण तेराव्यानंतर ते पुन्हा सुरू झालं. आबा एक उपकार सांगत, थांबत, मान डोलवत आणि बोट दुमडत. त्या थांबण्यात आम्हाला काही ऐकू येत नसे. आबांना येत असावं. पोरं त्यांच्या दारावरून जाईनाशी झाली. आई मला म्हणाली, "तू जात जा रे होकार द्यायला. एकट्याने गाऱ्हाणं घालू नये. कोण होकार देईल सांगता येत नाही."

मी जाऊ लागलो. पुढे आठवं बोट, उजवी करंगळी, माझं झालं. "शेजारचो झील कॉलेजात शिकता, तुझो उपकार." आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मला संकोच वाटे, बरंही वाटे. एकदा मी भीत भीत विचारलं, की देवाने दोन बोटं नेली, काकींना नेलं, त्याचं काय? आबा रागावले नाहीत. म्हणाले, "गेली ती कित्याक गेली, ता त्याका ठाऊक. रवली ती माका दिसतत."

पहिल्या वर्षाला मी दोन विषयांत नापास झालो. घरी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी आठव्या बोटाला माझ्या तोंडून होकार निघेना. खोटं बोलल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून अभ्यासाचं कारण सांगून मी जायचंच बंद केलं.

आठवड्याने नळावरून कळशी घेऊन येताना मी आबांच्या दाराशी थबकलो. आबा त्या दिवशी आतच होते. ते उपकार सांगत होते आणि होकार येत होता. हलका, जरा घोगरा, बाईचा आवाज. मी सात होकार ऐकले. आठव्याला शांतता. मी पडदा सारला. आबा एकटेच होते. करंगळी सरळ होती.

"आठव्याक ती गप रवता," आबा म्हणाले. "म्हणता, ह्यो होकार त्या झिलानच देवक व्हयो."

मी नापास झाल्याचं त्यांना सांगून टाकलं. हे मी ज्यांना सांगितलं असे ते पहिलेच.

"शिकता असा सांगलंय. पास झालो असा मी खंय सांगलंय?"

तरी मी होकार न देताच कळशी उचलली. उद्या येतो, म्हणालो.

सकाळी आईने त्यांना हाक मारली, आतून ओ आली नाही. आबा खाटेवर निजल्यासारखे पडले होते, हात छातीवर. सात बोटं घट्ट मिटलेली, करंगळी तेवढी ताठ. ती बघून माणसं दारातच थांबली. मी जवळ बसलो. आधी आईला सांगितलं, मी नापास झालोय, पण शिकणार आहे. मग सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, "व्हय म्हाराजा."

करंगळी हळूहळू खाली आली. मी तिला हात लावला नव्हता.

आता दिवेलागणीला मी माझी दहा बोटं मोजतो. दहाव्याला आबांचं नाव घेतो आणि थांबतो. खोलीत मी एकटाच असतो. पण ते बोट अजून एकदाही सरळ राहिलेलं नाही.