छेदबिंदू

मी नववीत होते तेव्हा भूमितीच्या रचना बाबा घरीच शिकवायचे. तिकडे हिंदी मुलखात, खमरियाच्या कारखान्यात ते ड्राफ्ट्समन, उभी हयात पट्टी-कंपासमध्ये गेलेली. अडचण एकच. ते नागपूरला मराठीत शिकले होते आणि माझी शाळा हिंदी. सहामाहीला गणितात मी आपटी खाल्ली, तेव्हा आईने निक्षून सांगितलं, "हिंदीत शिकवा, नाहीतर सदर बाजारात ट्यूशन लावते." बाबांनी मान डोलावली आणि दोन दिवसांत पुन्हा मराठीवर आले. मी बोलायची हिंदीतच, पण ड्यूटीवरून आल्यावरचा त्यांचा तो तास मला कुणालाही द्यायचा नव्हता.

त्या दिवशी लंबदुभाजक होता. रेघेच्या दोन्ही टोकांवरून मी वर-खाली कंस काढले. हा कंस म्हणजे कृष्णाचा मामा नव्हे, वर्तुळाचा तुकडा, एवढं एव्हाना कळलं होतं.

"आता बघ, कंस एकमेकांना कुठं छेदून राहिले? तिथं छेदबिंदू दाखव."

हिंदीत छेद म्हणजे भोक. मी कंपासचं टोक खसकन आरपार घातलं, वरही आणि खालीही. मागच्या चार पानांची चाळणी झाली.

"हे काय करून राहिली तू?"

"आपने ही तो बोला, छेद दिखाओ!"

बाबा खो खो हसले. आई स्वयंपाकघरातून आली, तिने पान उजेडात धरलं आणि "बघितलं?" एवढंच म्हणाली. बाबांचं हसू मावळलं.

"अच्छा, चलो. दोनों चाप जहाँ काटें, वहाँ बिंदु लगाओ." बाबा एकदम शाळेतले सरच वाटायला लागले. मला रडू फुटणार होतं.

मुकाट्याने दोन्ही भोकं रेघेने जोडली. मग राहवेना म्हणून पट्टी लावली. आठ सेंटिमीटरची रेघ बरोबर चारवर कापली गेली होती. मध्य कुठे आहे हे त्या कंपासला कुणी सांगितलं? मी तर मोजलंही नव्हतं! रडायचं राहूनच गेलं.

"बाबा, मोजलं नाही, तरी मधोमधच काहून पडते ते?"

एवढं लांब वाक्य मी मराठीत कधी बोललेच नव्हते. बाबा आईकडे बघत राहिले.

"माझ्याकडे काय बघता? सांगा ना तिला," आई म्हणाली. "मराठीत विचारून राहिली ती."