इव्हानरावांचं पिंप

आमच्या अल्बनीच्या ग्रुपमध्ये चार डोकी जमली की कुणीतरी हमखास म्हणतं, "ए, तो द्राक्षं धुतल्याचा किस्सा सांग ना!" मग मी सांगते. दरवेळी त्याला नवं शेपूट फुटतं आणि माझा नवरा मध्येच दुरुस्त्या करत बसतो. आज तो ऑफिसला गेलाय, तेव्हा बिनधास्त सांगते.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर इव्हान नावाच्या म्हाताऱ्याचा द्राक्षमळा होता. त्याचे वडील युरोपातल्या डाल्मेशियातून आले, त्यांनी वेली लावल्या. जातीचं नाव 'अल्बनी सरप्राइज'! आम्ही जिथे मॉलमध्ये पार्किंग शोधत फिरतो, त्याच अल्बनीत ही जात जन्मली, हे आम्हाला त्याच्याकडून कळलं. दर शरद ऋतूत, म्हणजे इथल्या मार्च-एप्रिलमध्ये, आम्ही सगळे द्राक्षं खुडायला जायचो. मजुरी काय, तर दुपारचं जेवण आणि पोरांना पोटभर द्राक्षं.

आमच्या ग्रुपमधला नितीन बँकेत सॉफ्टवेअरवाला. पहिल्याच वर्षी नवेकोरे जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून आला आणि प्रत्येक घड खुडण्याआधी चाखायला लागला. "क्वालिटी टेस्टिंग चालू आहे!"

तासाभराने इव्हानने त्याच्या रिकाम्या क्रेटमध्ये डोकावून पाहिलं. "तू बँकेतच राहा, मेट."

* * *

किस्सा घडला त्या वर्षी माझी आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. आम्ही नव्या घराचा सत्यनारायण घातला आणि इव्हानला बोलावलं. हा बाबा कोट घालून, घरच्या वाइनची बाटली घेऊन हजर! नितीन ती लपवायला धावला.

आईने विचारलं, "काय आहे त्यात?"

"द्राक्षांचा... रस," नितीन म्हणाला.

"मग लपवतोस काय? ठेव फळांशेजारी!"

देवापुढे वाइन ठेवूनच पूजा पार पडली. तीर्थाच्या वेळी इव्हानच्या उजव्या हातात शिऱ्याची बशी होती, म्हणून त्याने डावा हात पुढे केला. आईने त्यावर हलकेच चापट मारली. "उजवा!" त्याने निमूटपणे बशी खाली ठेवली, उजव्या हातावर तीर्थ घेतलं आणि आमचं बघून तोच हात टकलावरून फिरवला. तेव्हापासून आई त्याला इव्हानराव म्हणायला लागली. ती मराठीत बोलायची, तो त्याच्या खडबडीत इंग्लिशमध्ये, आणि दोघांचं मस्त जमायचं.

* * *

त्याच सुमाराला त्याच्या मुलाने, टोनीने, बॉम्ब टाकला. "ही जुनाट वाइन आता कोण पितं, डॅड? या हिवाळ्यात वेली उपटू. शार्डने द्राक्षं लावू."

 म्हाताऱ्याच्या बायकोचं सगळं आयुष्य त्याच वेलींमध्ये गेलं होतं. तो एवढंच म्हणाला, "यंदाची वाइन चाखून बघ. मग बोलाव वेली उपटायला तुझा डिगर."

आम्हा सगळ्यांचा जीव त्या एका पिंपात अडकला.

* * *

आणि नेमक्या त्याच वर्षी आईने द्राक्षं धुतली!

आम्ही जेवायला घरात गेलो होतो. आई शेडमध्येच रेंगाळली. द्राक्षांवर पांढरट धुरकट थर दिसल्यावर तिच्या डोक्यात नाशिकची फवारणी आली. "औषध मारलंय मेल्यांनी! लेकरं खातात ना ही!" नितीनच्या बायकोला हाताशी धरून तिने क्रेटच्या क्रेट कोमट पाण्यातून काढले, वर होजने खळखळून धुतले. आम्ही परत आलो तर द्राक्षं अशी चकचकीत, की लग्नाच्या रुखवतात मांडावीत!

इव्हानराव दारातच थबकला. त्याच्याकडे पाकिटातलं यीस्ट कधीच वापरत नसत. द्राक्षांच्या सालीवर जे असतं, त्यानेच रस आंबायचा. तेच आईने गटारात सोडलं होतं.

तो रागावला नाही. नुसता म्हणाला, "व्हेरी क्लीन." मला आईचा संतापही आला आणि तिची कीवही आली.

* * *

द्राक्षं तरीही तुडवायचीच होती. इव्हानरावाकडे पद्धत पायांनी तुडवायची. आई घाबरून गेली. "अन्नाला पाय लावायचा?" मग तिने एकेकाला पाय धुवायला लावले आणि पिंपाला नमस्कार करायला लावला. इव्हानराव छातीवर क्रूसाची खूण करून आत उतरला. माझ्या लेकीने विचारलं, "आजी, आर वी इन ट्रबल?"

"हो," आई म्हणाली. "म्हणून तर नमस्कार कर."

* * *

तीन-चार दिवस पिंप ढिम्म. एक बुडबुडा नाही! टोनी म्हणाला, "डॅड, टाक एक पाकीट. शी'ल बी राइट, होईल सगळं ठीक!" म्हातारा ऐकेना. वडिलांनी कधी टाकलं नाही, तो कसा टाकेल?

नेमकं काय झालंय ते नितीनने आईला नीट समजावलं. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "म्हणजे विरजणच गेलं की! मग विरजण लावा!"

कुंपणाशी पाखरांसाठी सोडलेले काही घड वेलींवर तसेच होते. न धुतलेले! आईने ते पातेल्यात कुस्करले आणि आमच्या गरम पाण्याच्या टाकीच्या उबदार कपाटात ठेवले, जिथे आम्ही थंडीत इडलीचं पीठ ठेवतो. ते फेसाळून वर आल्यावर आम्ही गाडीत पातेलं मांडीवर धरून मळ्यावर गेलो. आईने ते पिंपात ओतलं आणि पिंपाभोवती माझी लग्नातली गोधडी गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. पलीकडे कुणी बोलेचना. नुसतं फस्स्, फस्स्, फस्स्. इव्हानरावाने रिसीव्हर पिंपावर धरला होता!

आईने ऐकलं आणि म्हणाली, "आलं पीठ वर!"

* * *

ऑगस्टमध्ये आई परत निघाली. त्याआधी निरोपाला म्हणून मळ्यावर गेलो. इव्हानरावाने लाकडी पिंपातून एक जग भरून वाइन काढली. टोनी बाजूला उभा होता, कानाला मोबाइल लावून. पलीकडे डिगरवाला, सोमवारी येऊ की मंगळवारी, असं विचारत होता.

पहिला ग्लास इव्हानरावाने आईपुढे धरला. आईने जन्मात कधी दारूला स्पर्श केला नव्हता. तिने ग्लासाकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि तळवा पुढे केला. "इतकीशीच हं."

त्याने चमचाभर ओतली. ती प्यायली, डोळे मिटले आणि ओला हात केसांवरून फिरवला.

मग इव्हानरावाने आपल्या तळव्यावर घेतली. प्यायला. हात टकलावरून फिरवला आणि बराच वेळ तसाच डोक्यावर ठेवला.

टोनी आमच्याकडे बघत राहिला. बोलता बोलता त्याने मोकळा हात पुढे केला, डावा.

म्हाताऱ्याने त्यावर हलकेच चापट मारली. "उजवा!"

टोनीने उजव्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. "आय'ल रिंग यू बॅक, मेट," म्हणाला, फोन खिशात टाकला आणि उजवा तळवा पुढे केला.