नानांच्या धोतराला फेस आला

गाड्या धुणं हा माझा पेशा आहे.

म्हणजे मी कुठल्या गॅरेजबाहेर पाईप घेऊन उभी राहत नाही (लग्न ठरताना सासूबाईंची तशी समजूत झाली होती, आणि पगार ऐकून त्या बुचकळ्यात पडल्या होत्या). चेन्नईबाहेर एक मोटारींचा कारखाना आहे. तिथे गाडीच्या सांगाड्याला रंग लावण्याआधी तो टाक्यांमागून टाक्यांत बुडवून धुतात. त्या विभागाची मी इंजिनिअर. सांगाड्यावर साबणाचा अंश राहिला तर पुढे रंगाचे पोपडे सुटतात. त्यामुळे ‘धुणं सोपं, विसळणं अवघड’ हे वाक्य मी नव्या लोकांना इतक्यांदा ऐकवलंय, की मी लांबून येताना दिसले तरी ते आपापसात पुटपुटायला लागतात.

आणि आमच्या घरचा टॉवेल, वाळल्यावर, भिंतीला टेकवला की उभा राहायचा.

दोष पाण्याचा होता. आम्ही वेलचेरीत राहतो. पावसाळ्यात इथे पाणी जिन्यापर्यंत येतं. नळाला मात्र बोअरचं येतं, आणि ते असं खारट की त्यात साबणाला फेस धरायची हिंमत होत नाही. फेस येत नाही म्हणून माणूस आणखी पावडर टाकतो. मग ती पावडर कपड्यांतून निघत नाही. माझ्या नवऱ्याच्या, संदीपच्या, काळ्या टी-शर्टांवर पांढरे नकाशे उमटायला लागले. तो सिरुसेरीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या मीटिंगमध्ये कुणीतरी त्याच्या पाठीकडे बघून, हे श्रीलंका आहे का, असं विचारलं म्हणे.

मी विषय हातात घेतला. हीच पहिली चूक.

पहिली पावडर मळ काढायची, पण स्वतः निघायची नाही. मग महागातला पातळ साबण आणला. तो एकदम सुरेख विसळला जायचा, आणि त्याच्याबरोबर मळ सोडून बाकी सगळं निघून जायचं, रंगासकट. मग कुणीतरी सांगितलं म्हणून रिठे आणून उकळले. त्याने कपडे मऊ झाले खरे, पण सगळ्या घरालाच ओल्या गोणपाटाचा वास येऊ लागला आणि आमच्याकडे राहणारी माझी नणंद प्राजक्ता ऑफिसला जाताना अंगावर अत्तराची बाटली उपडी करू लागली. कारखान्यातून आठ तास धुण्याचं बघून यायचं आणि घरी येऊन पुन्हा मशीनच्या काचेला नाक लावून बसायचं. मला स्वप्नंसुद्धा गोल गोल पडायला लागली होती.

अशात प्राजक्ताने जाहीर केलं की तिला ऑफिसातल्या कार्तिक रावशी लग्न करायचंय. कार्तिकचं घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेलं, आता चेन्नईत एग्मोरला. घरात बोलतात मराठीच, पण ती बखरीतून उठून आलेली, आणि हेल तमिळचा. इस्लामपूरहून माझे सासू-सासरे स्थळ बघायला आले. सासरे, म्हणजे नाना, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना मुलगा पसंत होता, पण मन घट्ट होईना. ही माणसं आपली का त्यांची, हेच त्यांना कळत नव्हतं. राव मंडळींनी फोनवर सांगितलं होतं की समारंभात पुरुष वेष्टी, म्हणजे तिकडचं बिनकाष्ट्याचं धोतर, नेसतात. नानांनी त्यावर, मी लुंगी गुंडाळून कुणाच्या दारात जाणार नाही, असं उत्तर दिलं होतं. फोन ठेवल्यावर दिलं, एवढंच.

त्यात नानांना खाज सुटली. पाठीला, खांद्यांना, पोटाला. सासूबाईंनी आधी सांबार बंद केलं. मग कढीपत्ता. मग इडली आंबवलेली म्हणून ती. आठवडाभरात नाना मुगाच्या खिचडीवर आले आणि तरी खाजवतच होते. खिचडी खाता खाता ते म्हणाले की या गावची हवाच आपल्या रक्ताला मानवत नाही, मग पोरीला कशी मानवेल. प्राजक्ता ताटावरून उठून गेली.

 नानांची खाज नेमकी बनियनच्या आकाराची होती, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. एवढं मला शास्त्र कळतं की फेस जितका कमी, तितकं विसळणं सोपं. दुकानदाराशी इंग्रजीत बोलले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण चार वर्षं चेन्नईत काढलेल्या बाईला तमिळ येऊ नये, याची लाज वाटली. फेसाला नुरै म्हणतात हे पाठ होतं. मी ठणकावून सांगितलं, ‘‘नुरै वेणुम.’’ त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, बोट नाचवून.

(वेणुम म्हणजे हवं. वेणाम म्हणजे नको. हे मला आज माहीत आहे.)

तो खूश झाला. स्टुलावर चढून त्याने वरच्या फळीवरून एक जाडजूड पुडा काढला आणि असं काहीतरी म्हणाला की ही घेतलीत की परत दुसरीकडे बघणार नाही. ते अगदी खरं निघालं.

रविवारी एग्मोरला रावांच्या घरी रुद्राभिषेक होता आणि त्यासाठी आम्हाला सहकुटुंब बोलावणं होतं. नानांनी धोतर आणि उपरणं माझ्याकडे दिलं. ते गावाकडून घडी घालून आणलेलं, त्यांचं लग्नाकार्याचं धोतर. शनिवारी सकाळी मी नवी पावडर घातली. बोअरच्या पाण्यात तिला काही फेस आला नाही, म्हणून मला वाटलं, वा, बरोबर माल मिळाला. निर्धास्तपणे आणखी दोन वाट्या घातल्या. धोतर निघालं तेव्हा डोळे दिपले. असं पांढरं मी फक्त जाहिरातीत पाहिलं होतं. दुसऱ्यांदा विसळायला मशीन लावणार, तर इमारतीचं पाणी गेलं. टँकर संध्याकाळी येणार होता.

मी धोतराचा वास घेतला. मोगऱ्याचा येत होता. मी दमले होते. म्हटलं, चालेल.

माझ्या विभागात कुणी असं ‘चालेल’ म्हटलं असतं, तर मी त्याला मेमो दिला असता.

इस्त्री केलेलं धोतर बघून नाना चक्क माझ्याकडे बघून हसले. सासूबाईंनी त्यांच्या कानाशी काजळाचं बोट लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

रावांचं घर स्टेशनच्या मागच्या बाजूला. जुनं, बैठं, मागे छोटंसं फरसबंद अंगण. कार्तिकचे वडील सदाशिवराव दारातच उभे होते. उंच, हसरे, कपाळाला विभूती. ‘‘या, बैसा,’’ म्हणाले. नानांनी संदीपकडे पाहिलं, हे मराठीच आहे ना अशा नजरेने. कॉफी नंतर, आधी अभिषेक, असं ठरलं. सदाशिवरावांनी सांगितलं की त्यांच्याकडे घरचा कर्ता आणि मानाचा पाहुणा अंगावर पाणी घेऊन ओलेत्याने पूजेला बसतात. पाहुण्यांना सवय नसेल तर राहू द्या.

सवय नसेल, हे ऐकून नाना ताठ झाले. आमच्याकडेही असंच असतं, म्हणाले. (आमच्याकडे असं कधीच नव्हतं. सासूबाईंनी जी नजर टाकली तिच्यावरून ते कळलं.)

अंगणात पाण्याने भरलेलं निळं पिंप होतं. पालिकेचं पाणी, गोडं. माझ्या डोक्यात काहीतरी टिकटिकलं, पण ते काय ते कळेपर्यंत सदाशिवरावांनी स्वतःवर दोन तांबे ओतून नानांच्या हाती तांब्या दिला होता.

पहिल्या तांब्याला काहीच झालं नाही. दुसऱ्यालाही झालं असेल तरी दिसलं नाही, कारण धोतर पांढरं आणि फेसही पांढरा. तिसऱ्या तांब्यानंतर नानांच्या घोट्यांभोवती गळपट्ट्यासारखं काहीतरी जमा झालं. नानांना वाटलं, फरशी निसरडी आहे, कुणीतरी साबण सांडलाय. ते सभ्यपणे बाजूला सरकले. फेस त्यांच्याबरोबर सरकला.

आदल्या दिवशी खाऱ्या पाण्यापुढे नांगी टाकून बसलेली ती पावडर, गोडं पाणी मिळताच जागी झाली होती.

सदाशिवरावांनी काही विचारलं नाही. पाहुण्याच्या अंगावर साबण राहिलाय, एवढंच त्यांनी मनाशी धरलं असावं, कारण ते आदराने आणखी तांबे ओतू लागले. जितकं पाणी, तितका फेस. नानांनी घाईघाईने उपरणं पिळलं, तर त्यातून जे निघालं ते अंगणाच्या कडेच्या तुळशीपर्यंत गेलं. आतून गुरुजींचा आवाज येत होता. ते मंत्र म्हणत दारात डोकावले, त्यांनी नानांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि मंत्र न तोडता समई उचलून आत खोलीच्या पार टोकाला नेऊन ठेवली.

आणि मग नाना घसरले. पडले असं म्हणता येणार नाही. मुख्याध्यापक जसे खुर्चीत बसतात तसे सावकाश, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते फरशीवर बसले. त्यांना उठवायला वाकलेले सदाशिवराव त्यांच्या शेजारी बसले. दोन व्याही, म्हणजे अजून व्हायचे होते, कमरेपर्यंत फेसात.

 प्राजक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. संदीप माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं, आणि माणूस घाबरला की त्याला जे येतं तेच तो बोलतो, म्हणून मी गोडं पाणी, खारं पाणी आणि धाग्यांत अडकणारा साबण यावर बोलू लागले. संदीपने मला कोपराने ढोसलं, तेव्हा थांबले.

सदाशिवरावांनी कपाळावरचा फेस निपटला. विभूती त्याच्याबरोबर गेली. मग ते नानांना म्हणाले, ‘‘असो द्या. स्नान दोनदां जालें, पुण्य दोनदां.’’

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या पोटातून आधी एक बारीक आवाज आला. मला वाटलं, लागलं की काय. पण ते हसत होते. मी लग्न होऊन आले त्याला चार वर्षं झाली, नानांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. दोघं हसायला लागल्यावर उठणं आणखीच अवघड झालं. शेवटी कार्तिक आणि संदीपने एकेकाला धरून उभं केलं. तोवर पिंप रिकामं झालं होतं आणि धोतराचा उत्साह तेवढाच होता.

सदाशिवरावांनी आपली धुतलेली वेष्टी आणली. नानांना ती नेसता येईना, म्हणून त्यांनीच ती नानांना नेसवली, लहान मुलाला नेसवतात तशी, कमरेशी नीट खोचून. नाना दोन्ही हात वर धरून उभे राहिले. अभिषेक झाला. जेवणं झाली. नानांनी सांबार दोनदा घेतलं. सासूबाईंनी डोळे वटारले तरी घेतलं. मग ते झोपाळ्यावर बसले आणि बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली. कार्तिकची आई ललिताबाई मला हळूच म्हणाल्या, पाहुण्यांना त्रास झाला, दमले बिचारे. पण मी बघत होते की ते खाजवत नव्हते. आख्खी दुपार त्यांनी एकदाही खाजवलं नाही.

जागे झाल्यावर नानांनी वेष्टीचा काठ दोन बोटांत धरून पाहिला. मग सगळ्यांना बोलावलं. प्राजक्ता दाराला धरून उभी राहिली.

‘‘या घरात कपडे नीट विसळतात,’’ नाना म्हणाले. ‘‘पोरगी द्यायला हरकत नाही.’’

ललिताबाईंनी साखर आणली. परतीच्या वाटेवर रिक्षात मी नानांचं धोतर पिशवीत घेऊन बसले होते. अजून थोडं थोडं गळत होतं. ललिताबाई कोणती पावडर वापरतात ते मी निघताना विचारून घेतलं होतं, आणि उत्तर ऐकून कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याही तीच वापरतात. चमचाभर.

लग्न मार्गशीर्षात झालं. घरच्या धुण्याचं खातं तोवर संदीपकडे गेलं होतं, आणि कार्यातही माझ्यावर कुणी काही सोपवेना. हळदीचे डाग पडले, मी पुढे झाले, तर तिघींनी मिळून मला खुर्चीत बसवलं. सगळे धावत होते आणि मी एकटी पंख्याखाली. शेवटी, मोठी वहिनी नुसती बसलेली बरी दिसत नाही म्हणून, मला एक काम मिळालं. दारात उभं राहायचं आणि येणाऱ्या पाहुण्यांवर चांदीच्या झारीतून गुलाबपाणी शिंपडायचं. मी झारी उचलली. तेवढ्यात सासूबाई लगबगीने आल्या, त्यांनी झारीतले चार थेंब तळहातावर घेतले, आणि दोन्ही हात एकमेकांवर घासून फेस येतो का ते आधी पाहिलं.