दाजींचं विशेषनाम

नेकनूरपासून पाटोद्यापर्यंत इंग्रजी जाणणारा माणूस एकच, तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. मी मोजून बोलणारा माणूस आहे, म्हणून हेही सांगतो की त्यांना इंग्रजीतली फक्त नामं येत. इंग्रजी मुलखातल्या नगरच्या बाजारातून त्यांनी व्याकरणाचं एक जुनं पुस्तक आणलं होतं. नामांचा धडा संपला, तिथून पुढचं सगळं वाळवीनं खाल्लेलं. आपल्याकडे तेव्हा निजामी अंमल; कचेरी उर्दूत, शाळा उर्दूत. इंग्रजीला विचारतो कोण? पुढची पानं गेल्याचं दाजींना काहीच नव्हतं. "क्रियापदं कशाला लागत्यात, पाव्हणं? कामं तर आपुन करतोच की. नावं ठावी पायजेत," असं म्हणून ते गड्याला नुसतं 'ऑक्स, वेल, वॉटर' सांगत, आणि गडी बरोबर मोट जुंपी. जेवायला बसले की भाकरी सामान्यनाम, पीठ पदार्थवाचक, भूक भाववाचक. बहीण म्हणे, "भूक कशात बी बसवा, पर आमटी निवायच्या आत जेवा."

विशेषनामावर त्यांचा फार जीव. "हाक मारल्यावर एकच वळून बघतं ते विशेषनाम. चारजण वळले की सामान्य." जनावराला नुसतं म्हैस म्हणणं त्यांना अपमान वाटे. बहिणीला माहेरहून दिलेल्या म्हशीचं नाव त्यांनी पुस्तकातल्या उदाहरणावरून लंडन ठेवलं. "लंडन, पाय सरकीव बाई," असं म्हणत बहीण धारेला बसे आणि सगळी गल्ली हसे.

ती म्हैस चोरीला गेली. घरातलं दूधतूप सारं तिच्यावर. बहिणीनं अन्न सोडलं. पाटोद्याच्या बाजारात आम्हाला म्हैस दिसली, पण दावं धरणारा म्हणे, माझीच. पोलिसांचे अमीनसाहेब आले. "भैंस तो सब काली. निशानी क्या है?" अंगावर खूण एकही नव्हती. दाजी म्हणाले, "हुजूर, विशेषनाम हाय."

साहेबांनी दोघांनाही हाक मारायला लावली. त्या माणसानं "काळे, ये काळे" करून घसा बसवला. म्हैस रवंथ करीत राहिली. मग दाजींनी धोतर सावरलं आणि भर बाजारात आरोळी ठोकली, "लंडन!"

"येडं हाय का बे हे?" कुणीतरी ओरडलं. बाजार हसायच्या बेतात होता, तेवढ्यात म्हशीनं मान वर केली, हिसडा दिला, आणि त्या माणसाला दाव्यासकट फरफटत आणून दाजींच्या छातीला नाक लावलं. दुसरं एकही जनावर वळलं नव्हतं. मी नीट पाहिलं.

अमीनसाहेबांनी काठी आपटली. "ले जाओ! लंडन तुम्हारा!"

लंडन जिंकून आम्ही हलगी वाजवत गावात शिरलो. बहिणीनं आधी म्हशीला ओवाळलं, मग दाजींना. दाजी म्हणाले, "क्रम बरोबर हाय."

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा नेकनूरच्या बाजारात एका पाठमोऱ्या माणसाच्या डोक्याला तसाच रुमाल, तशीच चाल दिसली आणि माझ्या तोंडून हाक गेली, "दाजी!" चांगले चारजण वळले. त्यांत ते नव्हते.

त्यांच्या नियमानं हा शब्द सामान्यनामात जातो. नियम बरोबर आहे, मी स्वतः ताडून पाहिला. पण हा एक शब्द मी तिथे घालणार नाही.