नदीकाठची मागणी

नानिंग शहर सोडून दोन तास झाले तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच होता. आधी अमरावतीहून मुंबई, मग दोन विमानं आणि आता ही मोटार. माझ्या पायांचे खांब झाले होते. चीनच्या दक्षिण टोकाला, व्हिएतनामच्या हद्दीवर आम्ही चाललो होतो. आमचा एकुलता एक सागर नानिंगला योग शिकवतो. त्याने तिथलीच मेइ नावाची मुलगी पसंत केली, आणि तिच्या घरच्यांना भेटायला आम्हाला बोलावलं. मी मनाशी ठरवूनच निघाले होते, मुलगी कशी का असेना, लग्न लावायचं आणि दोघांना अमरावतीला, राजापेठेतल्या आमच्या घरी आणायचं.

ऊस संपला आणि डोंगर लागले. आपला सातपुडा कसा हळूहळू चढत जातो. हे चुनखडीचे डोंगर भातशेतातून एकदम उभेच.

"कोनं आनून ठेवले असे?" हे म्हणाले. आमच्या यांना नकाशांचं वेड. इथे हद्दीचे दगड फ्रेंचांच्या काळात रोवले, इकडे च्वांग लोक आणि पलीकडेही त्यांचेच भाईबंद, बोली जवळजवळ एकच, असं सगळं ते मोबाइलवरून वाचून दाखवत होते.

"तुमी थोडं गप बसता का?" मी म्हटलं. मला फक्त कुठेतरी आडवं व्हायचं होतं.

मेइचं घर नदीच्या काठावर होतं. नदी ती केवढी? पलीकडे वाळत घातलेले कपडे मोजता यावेत एवढी. मेइ, तिचे आईवडील आणि आजी-आजोबा दारातच उभे होते. जेवायला पाचरंगी भात होता (झाडपाल्याच्या रसात रंगवलेला चिकट तांदूळ). आम्ही शाकाहारी हे सागरने सांगितलं होतं, तरी भाजीला डुकराची चरबी लागली असेल या भीतीने हे नुसता भात आणि केळी खात राहिले.

जेवण झाल्यावर आजीने लाल कापडात बांधलेले तांदूळ माझ्यापुढे धरले आणि काहीतरी बोलली. बाईने पुढे केलेली ओटी नाकारायची नसते. मी पदर पसरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सागरचा चेहरा पडला.

"आई, थांबाचं होतं ना! मी सांगनारच होतो," तो म्हणाला. "आजीनं मले मागतलं. इकडं पोरगाबी पोरीच्या घरी जाते. मेइ एकटीच पोरगी हाय न यायले. तू तांदूळ घेतले म्हनजे होकार झाला."

"घरजावई?" हे केवढ्याने ओरडले! पोर परदेशात राहतं ते एक दिवस परत येण्यासाठी, असं मी आजवर धरून चालले होते.

मी तांदूळ परत द्यायला उठले, तेव्हा आजोबा बोलू लागले आणि सागर आम्हाला सांगू लागला. ते स्वतः पलीकडच्या काठावरून इथे घरजावई आलेले. मग एकोणऐंशी साली दोन देशांत युद्ध पेटलं आणि कित्येक वर्षं नदी ओलांडता येईना. त्यांची आई समोरच्या काठावर धुणं धुवायला यायची, ती इकडून दिसायची. हद्द उघडल्यावर ते भेटायला गेले, तर आई म्हणाली, "केवढा वाळलास! तिकडे खायला घालत नाहीत का?"

आजीसकट सगळे हसले. मला हसू आलं नाही. मला आजोबांच्या त्या मेलेल्या आईचं फार वाईट वाटलं.

"त्यायले सांग, मी इचार करून कळवतो," मी सागरला म्हटलं आणि तांदूळ तिथेच भिंतीशी ठेवले.

अमरावतीला आल्यावर शेजारणी विचारू लागल्या, सून कधी येते? त्यांना टाळायला मी माहेरी, रिद्धपूरला गेले. आईला सगळं सांगितलं.

"मंग?" आई म्हणाली. "तुले नाई देल्ली मी?"

"माहं येगळं होतं, आई."

"काहून येगळं? एकच पोरगी होती मले. अन् मले तं कोनं इचारलंबी नाई. तुह्या बापानं ठरोलं अन् मी शिदोरी बांधली."

इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मी तिथूनच सागरला फोन लावला. "आजीले सांग, देल्ला," एवढंच म्हटलं आणि फोन आईच्या हातात दिला.