काठीकडे तोंड करणारा सिंह

आमच्या लँगहोपच्या मिरवणुकीत प्रत्येक धंद्याचं आपलं निशाण असतं. खाटकांचं, लोहारांचं, चांभारांचं आणि विणकरांचं. गिरणीच्या जागी आता महागडे फ्लॅट उभे राहिलेत, तरी विणकर चालतातच. विणकर म्हणजे उरल्यासुरल्या बाया, आणि त्यांच्यापुढे नेटी डालग्लीश.

नेटी माझी शेजारीण. गिरणीत असताना कापडातले दोष हुडकून रफू करायची. बुटकी, रुंद, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेचेही तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत. मी आयुष्यभर नाताळच्या नाटकांत बायकांची सोंगं घेतली; कमरेवर हात ठेवून कसं उभं राहावं, ते तिच्याकडे बघूनच शिकलो.

त्या वर्षी विणकरांचं जुनं निशाण कसरीनं खाल्लं. मिरवणुकीचा म्होरक्या वॉट लेडलॉ समितीच्या सभेत म्हणाला, "काळजी सोडा. फ्लॅटवाली कंपनी नवं छापून देतेय. फुकट. कोपऱ्यात फक्त त्यांचं नाव असेल."

"ज्यांनी गिरणी पाडली, त्यांचं?" नेटी उठून उभी राहिली.

"बारीक अक्षरांत, नेटी."

"मग मीही बारीक आवाजात सांगते. नको. निशाण मी काढते."

तिचा बारीक आवाज रस्त्यापलीकडच्या खानावळीत ऐकू गेला असणार. सभा हसली. "तुला मांजर तरी काढता येतं का गं?" मागून लोहारांपैकी कुणीतरी विचारलं.

"कधी काढलं नाही. तेव्हा येतही असेल!"

वॉटनं हात वर केले. "बरं. मिरवणुकीआधीच्या सभेत आण. समितीला पटलं तर चाला. नाहीतर कंपनीचं घ्या, नाहीतर घरी बसा."

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत मिस क्रॅन्स्टन ढालीवरची चिन्हं काढायला शिकवायच्या. नेटी तिथे दाखल झाली आणि सोबत मलाही ओढून नेलं. विणकरांचं चिन्ह जुन्या शब्दांत ठरलेलं आहे: लाल ढालीवर मागच्या पायांवर उभा चंदेरी सिंह, पंजात मागावरचा सोनेरी धोटा. बस्स. चित्र कुठेच ठरलेलं नाही.

"शब्द म्हणजे कायदा," मिस क्रॅन्स्टन म्हणाल्या. "शब्द मोडायचे नाहीत. बाकी सिंह तुमचा."

नेटीचा पहिला सिंह ढालीच्या मधोमध, कोपऱ्यात उभ्या केलेल्या पोरासारखा. "एवढी मोकळी जागा कशाला? ढाल भरा," बाई म्हणाल्या. दुसऱ्यानं ढाल भरली, पण तो भिजलेल्या कुत्र्यासारखा दिसत होता. तिसऱ्याचा धोटा छातीशी धरलेला. बाईंनी कागद उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला. "धोटा दिसतोय?"

"नाही."

"चांदीवर सोनं ठेवलं की असं होतं. रंगावर धातू ठेवायचा, धातूवर धातू नाही. पंजा पुढे काढा, धोटा लालवर येऊ दे."

मला हे सगळं ओळखीचं वाटलं. आमच्याकडेही रंगमंच रिकामा ठेवला की मार खावा लागे, आणि हात छातीशी धरला की गॅलरीला दिसत नसे.

मग नेटीनं मला तिच्या स्वयंपाकघरात एका पायावर उभं केलं. एक हात वर, बोटं वाकडी, जीभ बाहेर. दुसऱ्या हातात लाटणं.

"अगं, माझा गुडघा!"

"सिंह गुडघ्याची तक्रार करत नाही, टॅम. जीभ आणखी बाहेर काढ."

"शेजारचे बघतायत."

"बघू देत. गुरगुर जरा."

मी गुरगुरलो. पावावरचं लोणी तिच्या मांजरानं तेवढ्यात पळवलं. पण त्या दिवशीचा सिंह सिंहच होता: हाडकुळा, भुकेला, चिडलेला. "हा जाडा का नाही?" मी विचारलं. "विणकरांचा आहे," ती म्हणाली.

वसंतभर ती त्या सिंहामागे लागली होती. शेवटी पातळ पांढऱ्या रेशमावर तिनं तो उतरवला. ढालीवरची चांदी पांढरीच दाखवतात, म्हणून सिंह म्हणजे कोरं रेशीम, भोवती लाल रंग. निशाणाला दोन बाजू, म्हणून तोच नमुना दोन कापडांवर गिरवला, मध्ये अस्तर घातलं आणि कडा शिवून टाकल्या.

सभेत तिनं निशाण उघडलं, तेव्हा लोहारसुद्धा गप्प झाले. वॉटनं ते काठीला लावून बघितलं. मग काठी फिरवली आणि दुसरी बाजू समोर आणली.

"नेटी," तो म्हणाला, "ह्या बाजूला सिंहाची पाठ काठीकडे आहे."

कुणी हसलं नाही. काठी पुढे चालते, कापड तिच्यामागे उडतं. सिंहाचं तोंड काठीकडे असायला हवं, दोन्ही बाजूंनी. पाठ काठीकडे असलेला सिंह पळून चाललेला असतो, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक. एकच नमुना दोनदा गिरवला की मागचा सिंह उलटा होणारच. मिस क्रॅन्स्टननी डोळे मिटून घेतले. "सांगायचं राहिलं," त्या पुटपुटल्या.

मी मध्ये पडलो. "पळत नाहीये, मागच्यांना सांभाळतोय म्हणू या."

"नाही," नेटीच म्हणाली. "पळतोय."

"मग कंपनीचं?" वॉटनं हळूच विचारलं.

तिनं पिशवीतून कात्री काढली. सगळ्यांसमोर कडेची शिवण उसवत गेली, टाक्यामागून टाका. पळपुटा सिंह निघाला. अस्तर निघालं. उरलेलं एकेरी रेशीम तिनं खिडकीसमोर धरलं. लाल रंग आरपार मुरला होता; मागून सिंह जरा फिका दिसत होता, पण तोच होता, आणि त्याचं तोंड काठीकडेच होतं.

"बरोबर आहे," मिस क्रॅन्स्टन म्हणाल्या. "एका कापडाचं चालतं."

"चिंधी आहे ही," वॉट म्हणाला. "वाऱ्यात फाटेल. गावाची शोभा होईल. समितीला पटणार नाही."

हात वर झाले, आणि जास्त हात वॉटच्या बाजूनं होते.

मिरवणुकीच्या सकाळी नेटी आणि तिच्या बाया तरीही आल्या. जागा नव्हती, म्हणून खाटकांच्या मागे आणि मिरवणुकीच्या शेवटी असणाऱ्या घोडेस्वारांच्या पुढे घुसल्या. नेटीनं चामड्याच्या पट्ट्यात काठी रोवली होती.

पुलाच्या तोंडाशी म्होरक्या घोड्यावरून एकेका धंद्याला नावानं हाक देतो, तेव्हाच त्या धंद्यानं पूल ओलांडायचा. वॉटनं खाटकांना हाक दिली. खाटीक गेले. मग त्यानं घोडेस्वारांचं नाव घेतलं.

कुणी हललं नाही. हलणार कसं? मध्ये नेटी उभी होती.

"बाजूला हो, नेटी. मी तुम्हाला हाक दिली नाही."

"म्हणूनच थांबलोय. दे की."

"समितीनं ठरवलंय."

"समितीला सांग, सिंह वाचता येतो का बघा. लाल ढाल आहे? आहे. चंदेरी सिंह? आहे. धोटा? आहे. तोंड कुठंय, वॉट?"

वॉटनं निशाणाकडे पाहिलं.

"तोंड कुठंय?"

"काठीकडे," तो म्हणाला.

मागे घोडे पाय आपटू लागले. एका घोडेस्वारानं ओरडून विचारलं, पुढे काय कुणी मेलंय का. निशाणाच्या एका कडेला खरंच चीर पडली होती आणि ती वाऱ्यात फडफडत होती. नेटीनं तिकडे पाहिलंही नाही. तिची नजर वॉटवर होती.

वॉटनं लगाम आवळला. "विणकर," तो म्हणाला.

"ऐकू आलं नाही."

"नेटी, हद्द करतेस हं."

"मागच्या बायांना ऐकू आलं नाही. आमच्या एलीला तर एका कानानं ऐकूच येत नाही."

वॉट रिकिबीत उभा राहिला, तोंड लाल झालं, आणि दोन्ही काठांवर घुमेल अशी हाक त्यानं दिली: "विणकर!"

"आलो!" बाया ओरडल्या आणि पुलावर चढल्या.